माहितीची देवघेव आणि विश्वासाची पत
मित्रदेशांमधील सुरक्षाविषयक वाटाघाटींचा एक अभ्यास

(दिल्लीतील हिंदूराव परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आज आपण ज्या टेकडीजवळ जमलो आहोत, तिच्याशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हिंदूराव रुग्णालयाची पाटी आपण रोज पाहता. हे हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे घराण्यातील सर्जेराव घाटगे यांचे पुत्र आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. कंपनी सरकारचा दिल्लीतील प्रतिनिधी विल्यम फ्रेझर याचा १८३५ मध्ये खून झाला आणि त्याची टेकडीवरची कोठी पुढे हिंदूरावांकडे आली. १८५५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५७ च्या उन्हाळ्यात, हीच कोठी दिल्लीला वेढा घालणाऱ्या इंग्रज फौजेचे मुख्य ठाणे बनली. या फौजेजवळ तोफा कमी होत्या, माणसे कमी होती. परंतु एक गोष्ट तिच्याजवळ होती. शहराच्या आतून गुप्तपणे येणाऱ्या चिठ्ठ्या! हॉडसन नावाच्या अधिकाऱ्याकडे ते खाते सोपविलेले होते. तटबंदीच्या आत काय चालले आहे याची खबर टेकडीवर पोहोचत होती आणि त्या खबरीच्या आधारे निर्णय होत होते.

आजचा विषय मात्र शत्रूची खबर काढण्याचा नाही. तो त्याहून नाजूक आहे. आपल्याजवळ आलेली खबर मित्राला द्यावी काय, द्यावयाची तर किती, कोणत्या अटींवर, आणि त्याने ती पुढे कोणाला सांगितली तर काय करावयाचे, यासंबंधी सरकारांमध्ये ज्या वाटाघाटी चालतात, त्यांचा विचार मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे, मुत्सद्दी नव्हे. परंतु माहिती हीही एक वस्तू आहे आणि तिची देवघेव होते, म्हणून या प्रांतात डोकावण्याचा थोडाफार अधिकार मी स्वतःकडे घेतो.

मराठी राज्यकर्त्यांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातील माणसे दिल्लीत दीर्घकाळ राहिली आणि बादशाही दरबारातील बारीकसारीक हालचाली पत्रांद्वारे पुण्यास कळवीत राहिली. नाना फडणवीसांची बातमीदारी तर प्रसिद्धच आहे. तथापि नानांच्या कारकिर्दीतील जो प्रसंग आपल्या विषयास अधिक जवळचा आहे, तो १७८० च्या सुमाराचा. पुणे दरबार, निजाम, हैदरअली आणि नागपूरकर भोसले यांनी मिळून कंपनीविरुद्ध चौफेर मोहीम काढावयाची, असा बेत नानांनी जुळवून आणला. नागपूरकरांनी बंगालवर चाल करावयाची होती. प्रत्यक्षात या बेताची खबर नागपूरच्या मुधोजी भोसल्यांकडूनच वॉरन हेस्टिंग्जपर्यंत गेली. चिमणाजी भोसल्यांचे सैन्य कटकच्या दिशेने निघाले खरे, परंतु वाटेत रेंगाळत राहिले आणि पुढे हेस्टिंग्जने पैसा देऊन तो धोका टाळला. चौघांनी करार केला होता. त्या करारात कोणी कोणत्या दिशेने जावयाचे हे ठरले होते. बेत चौघांतच राहील याची हमी मात्र कोणाजवळच नव्हती.

वस्तू विचित्र, बाजार त्याहून विचित्र

अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी १९६२ मध्ये एक साधी अडचण मांडली होती. माहिती विकत घेणाऱ्याला ती पाहिल्याशिवाय तिचे मोल कळत नाही, आणि एकदा पाहिली की ती विकत घेण्याचे कारण उरत नाही. आंब्याची पेटी उघडून एक आंबा चाखता येतो, बाकीचे विकणाऱ्याकडेच राहतात. खबरीचे तसे नाही. त्यातून सुरक्षाविषयक खबर ही आणखी वेगळी वस्तू आहे. सर्वसाधारण ज्ञान वाटल्याने कमी होत नाही, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. गुप्त खबर मात्र जितक्या अधिक लोकांना कळेल तितकी तिची किंमत घसरते, कारण ती जेथून आली तो उगमच आटण्याचा धोका असतो. शत्रूच्या गोटातील माणूस पकडला जातो, किंवा ज्या दूरध्वनीवरील संभाषण ऐकले जात होते तो दूरध्वनी बंद होतो.

म्हणून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या वाटाघाटींमध्ये खरी घासाघीस खबरीवर होत नाही, ती उगमाच्या संरक्षणावर होते. देणारा देश सांगतो की ही माहिती तुम्हाला देतो, परंतु आमच्या संमतीशिवाय ती तिसऱ्या देशाला देऊ नका, न्यायालयात पुरावा म्हणून वापरू नका, आणि तिचे वर्गीकरण आम्ही केले आहे त्यापेक्षा खालच्या दर्जाचे करू नका. यास तिसऱ्या पक्षाचा नियम म्हणतात. आपल्यापैकी प्रत्येकाने हा नियम पाळला किंवा मोडला आहे. मुखर्जी नगरातील एखाद्या खोलीत मित्राला नोट्सच्या झेरॉक्स देताना ‘पुढे कुणाला देऊ नकोस’ असे आपण बजावतोच, आणि आठवड्याने त्याच नोट्स कोपऱ्यावरच्या दुकानात विकावयास ठेवलेल्या दिसल्या की पुढच्या खेपेस त्या मित्राला काय द्यावयाचे हे आपण मनाशी ठरवून टाकतो.

हा नियम आपल्या कायद्यातही आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८(१)(च) पाहावे. परकीय शासनाकडून विश्वासपूर्वक मिळालेली माहिती देण्याचे बंधन त्यात नाही. परीक्षेच्या दृष्टीने हे कलम सहसा पारदर्शकतेला अपवाद म्हणून वाचले जाते. ते परराष्ट्र व्यवहाराचे साधन म्हणूनही वाचावे. असा अपवाद नसता तर कोणते सरकार आपल्या हाती काही ठेवावयास धजले असते?

या व्यवस्थेचे सर्वांत जुने व घट्ट उदाहरण म्हणजे ५ मार्च १९४६ रोजी अमेरिका आणि ब्रिटन यांनी केलेला करार. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड त्यात आले आणि ‘फाईव्ह आईज’ हे नाव रूढ झाले. मूळ कराराचा मजकूर जनतेपुढे येण्यास २०१० साल उजाडावे लागले. दुसऱ्या महायुद्धात खांद्याला खांदा लावून काम केलेल्या यंत्रणांमधली ही देवघेव होती. तिथे पत आधी निर्माण झाली आणि करार नंतर झाला. बहुतेक देशांच्या बाबतीत क्रम उलटा असतो आणि अडचण तिथेच सुरू होते.

मुंबई : आलेली खबर आणि न आलेली खबर

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. त्याआधीच्या काही महिन्यांत समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेले लक्ष्य होऊ शकतात, अशा आशयाच्या सूचना अमेरिकेकडून आल्या होत्या. आपल्या यंत्रणांकडेही स्वतंत्र सूचना होत्या. मात्र त्या सूचनांमध्ये दिवस नव्हता, नावे नव्हती, बोट नव्हती. ताज हॉटेलातील बंदोबस्त काही काळ वाढविण्यात आला आणि नंतर सैल झाला. उगमाच्या रक्षणासाठी खबरीतील तपशील काढून टाकला की ती निरुपद्रवी होते आणि निरुपयोगीही होते. अशा शंभर सूचना आल्या की एकशे एकाव्या सूचनेकडे पोलीस ठाण्यातील अधिकारी कोणत्या नजरेने पाहील, हे सांगावयास नको.

न आलेली खबर ही डेव्हिड हेडलीची. याचे मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ मध्ये त्याने अमेरिकेत रीतसर नाव बदलले आणि शिकागोतील तहव्वूर राणा याच्या इमिग्रेशन व्यवसायाचा प्रतिनिधी म्हणून भारताचा व्हिसा मिळविला. ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये कचेरी थाटली. हल्ल्यापूर्वी तो पाच वेळा भारतात येऊन गेला, ताजची आणि समुद्रकिनाऱ्याची चित्रफीत घेऊन गेला. हाच मनुष्य पूर्वी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता, आणि त्याच्या निकटच्या व्यक्तींनी त्याच्याविषयी अमेरिकी अधिकाऱ्यांकडे तक्रारीही केल्या होत्या. त्या तक्रारींतून पुरेसे ठोस काही हाती आले असते तर भारतास तत्काळ कळविले असते, अशी भूमिका अमेरिकेने २०१० मधील आपल्या आढाव्यानंतर घेतली. भारतातील अनेकांना ती पटली नाही. मला स्वतःला असे वाटते की येथे हेतूपेक्षा प्रोत्साहनाचा प्रश्न मोठा होता. ज्या खात्यासाठी हेडली उपयुक्त होता, त्या खात्याला त्याचे नाव दुसऱ्या देशाला देऊन काहीच लाभ नव्हता. तोटा मात्र संभवत होता. लाभ होता तो मुंबईच्या रहिवाशांचा, आणि ते त्या हिशेबात कोठेच नव्हते.

ऑक्टोबर २००९ मध्ये हेडलीस शिकागोच्या विमानतळावर अटक झाली आणि खऱ्या अर्थाने वाटाघाटी सुरू झाल्या. भारताला त्याची चौकशी करावयाची होती. अमेरिकी कायद्यानुसार आरोपीच्या व त्याच्या वकिलाच्या संमतीशिवाय परकीय अधिकाऱ्यांना त्याच्यासमोर बसता येत नव्हते. मार्च २०१० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. त्या कबुलीच्या करारात त्याला फाशी होणार नाही आणि भारत, पाकिस्तान वा डेन्मार्ककडे त्याचे प्रत्यार्पण होणार नाही, असे ठरले. मोबदल्यात परकीय न्यायालयासाठी साक्ष देण्याचे त्याने मान्य केले. म्हणजे ज्या वस्तूसाठी भारत वाटाघाटी करीत होता, तिचा अर्धा सौदा अमेरिकी सरकार आणि आरोपी यांच्यातच होऊन गेला होता. राष्ट्रीय तपास संस्थेच्या पथकाला जून २०१० मध्ये शिकागोत त्याची चौकशी करता आली. त्याच वर्षी जुलैमध्ये भारत व अमेरिका यांच्यात दहशतवादविरोधी सहकार्याचा करार नवी दिल्लीत झाला. जानेवारी २०१३ मध्ये हेडलीला ३५ वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने दूरदृश्य प्रणालीद्वारे मुंबईच्या विशेष न्यायालयापुढे माफीचा साक्षीदार म्हणून साक्ष दिली.

ही साक्ष ज्या खटल्यात झाली, त्यातील आरोपी बीड जिल्ह्यातील गेवराईचा झबीउद्दीन अन्सारी. त्याला भारतात आणण्याची हकिगत हेडलीच्या अगदी उलट आहे. तो सौदी अरेबियात होता आणि त्याच्याजवळ पाकिस्तानी पारपत्र होते. २०१० च्या आरंभी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या रियाध भेटीत प्रत्यार्पणाचा करार झाला होता. तथापि प्रश्न होता तो हा माणूस भारतीयच आहे हे सौदी सरकारला पटवून देण्याचा. कुटुंबीयांच्या डीएनए नमुन्यावरून ते सिद्ध झाले आणि जून २०१२ मध्ये त्याला भारतात पाठविण्यात आले. येथे भारत माहिती मागणारा नव्हता, देणारा होता. आणि दिलेली माहिती पडताळून पाहता येण्याजोगी होती. विक्रेत्याचा माल पारखता आला की सौदा लवकर होतो, हा अॅरो यांच्या अडचणीवरचा एक उतारा आहे. राणाच्या प्रत्यार्पणास मात्र एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा, कारण उत्तरपत्रिकांत त्याची वारंवार गल्लत होते. गुप्तवार्ता वेगळी आणि पुरावा वेगळा. पहिली गुप्तचर यंत्रणांमधील विश्वासावर येते, तिला सही-शिक्का नसतो. दुसरा परस्पर कायदेशीर साहाय्याच्या कराराखाली येतो. भारत-अमेरिका असा करार २००१ मध्ये झाला आणि २००५ मध्ये अमलात आला. पहिली वेगाने येते पण न्यायालयात उभी राहत नाही. दुसरा न्यायालयात टिकतो पण वर्षे घेतो. आर्थिक गुप्तवार्तेचेही तसेच. २००४ मध्ये स्थापन झालेला आपला वित्तीय गुप्तवार्ता विभाग २००७ मध्ये एग्माँट गटाचा सदस्य झाला. त्या गटातही देणाऱ्याच्या पूर्वसंमतीखेरीज माहिती पुढे देता येत नाही.

सोल आणि टोकियो

करार कागदावर असूनही पत नसली तर काय होते, याचा उत्तम धडा पूर्व आशियात मिळतो. दक्षिण कोरिया आणि जपान हे दोघेही अमेरिकेचे मित्र, दोघांनाही उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांचे भय. पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षेपणास्त्राचे उड्डाण कोरियाच्या रडारला आधी दिसते आणि समुद्रात पडताना ते जपानला अधिक चांगले दिसते. अर्धी-अर्धी माहिती दोघांकडे. तरीही जून २०१२ मध्ये ठरलेली स्वाक्षरी समारंभाच्या जेमतेम तासभर आधी रद्द झाली, कारण जपानी राजवटीच्या आठवणी जिवंत असलेल्या कोरियन जनतेला आपल्या सरकारने हा विषय गुपचूप मंजूर केल्याचा संताप आला. २०१४ मध्ये मग अमेरिकेला मध्यस्थ करून देवघेव सुरू झाली. २३ नोव्हेंबर २०१६ रोजी थेट करार झाला.

पुढे २०१८ मध्ये युद्धकाळातील वेठबिगारीबद्दल कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. जुलै २०१९ मध्ये जपानने अर्धसंवाहक उद्योगाला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर कडक नियंत्रणे आणली. कोरियाने उत्तर दिले ते कोठे? ऑगस्टमध्ये माहिती-करार संपुष्टात आणण्याची नोटीस देऊन! मुदत संपण्यास काही तास उरले असताना, २२ नोव्हेंबर २०१९ रोजी, ती नोटीस स्थगित झाली आणि करार पूर्ववत होण्यास मार्च २०२३ पर्यंत वाट पाहावी लागली. व्यापार, इतिहास आणि सुरक्षा यांची खाती वेगवेगळी आहेत असे आपण प्रश्नपत्रिकेत मानतो. सरकारे तसे मानत नाहीत. एका खात्यातील थकबाकी दुसऱ्या खात्यातून वसूल होते.

भारताची वाट

भारत कोणत्याही लष्करी गटाचा सदस्य नाही, म्हणून ‘मित्रदेश’ हा शब्द आपल्याकडे जपून वापरावा लागतो. अमेरिकेबरोबर गोपनीय लष्करी माहितीच्या सुरक्षिततेचा करार जानेवारी २००२ मध्ये, संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या वॉशिंग्टन भेटीत झाला. त्यानंतरचा करार होण्यास तब्बल चौदा वर्षे गेली. ऑगस्ट २०१६ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना रसदविषयक करार झाला, सप्टेंबर २०१८ मध्ये सुरक्षित संदेशवहनाचा आणि ऑक्टोबर २०२० मध्ये भू-अवकाशीय माहितीचा. दरम्यान डिसेंबर २०१९ मध्ये २००२ च्या कराराला जोड देऊन खासगी उद्योगांपर्यंत गोपनीय माहिती नेण्याची सोय करण्यात आली.

एवढा काळ का लागला? आळसामुळे नव्हे. संदेशवहनाच्या करारात अमेरिकी सांकेतिक उपकरणे आपल्या विमानांवर व जहाजांवर बसणार होती. त्या उपकरणांची तपासणी कोण करणार, त्यातून आपल्या हालचालींची माहिती तर बाहेर जाणार नाही ना, आणि रशियन बनावटीच्या सामग्रीचे काय, हे प्रश्न खरे होते. अखेरीस भारतासाठी मसुद्यात बदल झाले व नावही बदलले. विलंबाची किंमत आपण मोजली, हेही मान्य केले पाहिजे. पण सह्या घाईने करून नंतर त्या पाळता न येणे ही किंमत अधिक जबर असते, असे माझे मत आहे. जपानबरोबर २०१५ मध्ये आणि फ्रान्सबरोबर २०१८ मध्ये झालेले गोपनीय माहितीच्या संरक्षणाचे करार याच वाटेवरचे आहेत.

मला स्वतःला अधिक लक्षणीय वाटते ते येथून फार दूर नसलेले गुरुग्राम. समुद्रापासून शेकडो किलोमीटर अंतरावर, नौदलाचे केंद्र! मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरील रडारांची साखळी उभी राहिली आणि तिची माहिती एकत्र करणारे केंद्र नोव्हेंबर २०१४ मध्ये पर्रीकरांच्या हस्ते तेथे सुरू झाले. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच्या जोडीला हिंद महासागर क्षेत्रासाठी आंतरराष्ट्रीय माहिती केंद्र आले आणि अनेक मित्रदेशांचे संपर्क अधिकारी तेथे येऊन बसू लागले. येथे मुख्यतः देवघेव होते ती व्यापारी जहाजांच्या माहितीची, जी गोपनीय नसते. गुपिते वाटण्याआधी उघड माहिती एकत्र वाचण्याची सवय लावावी, त्यातून माणसे एकमेकांना ओळखतील, हा त्यामागचा विचार दिसतो. पत अशीच वाढते, छोट्या उधारीपासून.

परंतु या केंद्राच्या पडद्यावर दिसतात ती प्रामुख्याने मोठी जहाजे. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांना स्वयंचलित ओळख यंत्रणा सक्तीची आहे. २००८ मध्ये दहशतवाद्यांनी बळकावलेली ‘कुबेर’ ही गुजरातची साधी मासेमारी नौका होती. देशांतर्गत खबर एकत्र करण्यासाठी कारगिलनंतर २००१ मध्ये स्थापन झालेले बहुसंस्था केंद्रही त्या रात्री होते. हल्ल्यानंतर ते चोवीस तास चालू ठेवण्याचे आदेश निघाले. त्या संध्याकाळी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी होडीतून तरुण उतरले, पाठीवर जड पिशव्या, आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी त्यांना हटकले होते. ‘कोण तुम्ही, कोठून आलात?’ असे त्यांनी विचारले होते. ही खबर कोणत्याही परराष्ट्राकडून आलेली नव्हती, तिच्या उगमाचे रक्षण करावयाचे नव्हते, तिच्यावर कोणाची अट नव्हती. ती घेऊन वेळेत पुढे नेणारे मात्र त्या रात्री कोणी नव्हते.